नाव, जागा आणि मालकी : रूथ फर्टेल (१९२७-२००२) यांच्या व्यवसायजीवनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

उद्योगव्यवसायांच्या इतिहासलेखनात कारखानदार, पेढीवाले, रेल्वे आणि बँका यांना जेवढे स्थान मिळते तेवढे भोजनगृहांना मिळत नाही. अन्न शिजवून विकणे हा व्यवसाय इतका परिचयाचा असतो की त्यामागील भांडवल, कायदा आणि श्रम यांकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. वास्तविक एखाद्या शहरातील भोजनगृह कोणी सुरू केले, त्यासाठी पैसा कोठून आला, तेथे वाढण्याचे काम कोण करीत होते आणि ते पुढे कोणाच्या हाती गेले, या साध्या प्रश्नांच्या उत्तरांतून त्या समाजाचा आर्थिक व सामाजिक इतिहास उलगडू शकतो.

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या न्यू ऑर्लिन्स शहरात 'रूथ्स क्रिस स्टेकहाउस' या नावाने भोजनगृहांची साखळी उभारणाऱ्या रूथ फर्टेल यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. स्टेकहाउस म्हणजे गोमांसाचे जाड काप प्रखर आचेवर भाजून देणारे, बहुधा महागडे भोजनगृह. अमेरिकेत अशा भोजनगृहांचे वातावरण, ग्राहक आणि मालकी ही दीर्घकाळ प्रामुख्याने पुरुषी राहिली होती. अशा क्षेत्रात एका घटस्फोटित स्त्रीने मिळविलेले यश हा लोकप्रिय लेखनाचा आवडता विषय ठरला, आणि ते यश व्यक्तिगत धाडसाची कथा म्हणूनच सांगितले गेले. धाडस होते हे नि:संशय. परंतु केवळ धाडसाने या व्यवसायाच्या घडणीचा उलगडा होत नाही. नाव, जागा आणि मालकी या तीन गोष्टींचे परस्परसंबंध या व्यवसायात वेळोवेळी कसे बदलले, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ब्रॉड स्ट्रीटवरील मूळ भोजनगृह

या कथेचा आरंभ रूथ फर्टेल यांच्यापासून होत नाही. १९२७ मध्ये क्रिस मॅटुलिच या व्यावसायिकाने न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर 'क्रिस स्टेकहाउस' सुरू केले. शहराचे 'फेअर ग्राउंड्स' रेसकोर्स जवळच असल्यामुळे शर्यतींसाठी येणारा ग्राहक सहज मिळण्यासारखा होता. भोजनगृह लहान होते. त्यात सुमारे ६० जणांची बसण्याची सोय होती. ५ फेब्रुवारी १९२७ हा भोजनगृहाच्या स्थापनेचा दिवस आणि तोच रूथ यांचा जन्मदिवस, असे कंपनीच्या अधिकृत कथनात आवर्जून सांगितले जाते. संस्थापक आणि उत्तराधिकारी यांना नियतीनेच एकत्र बांधले होते, असा सूर त्यातून उमटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने या योगायोगापेक्षा दुसऱ्या एका तपशिलाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. मॅटुलिच यांनी सुमारे ३८ वर्षांच्या काळात हे भोजनगृह सहा वेळा विकले, प्रत्येक वेळी नवा मालक अयशस्वी ठरला आणि मॅटुलिच यांनी ते कमी किमतीत परत घेतले, असे सांगितले जाते.

याचा अर्थ असा की, १९६५ मध्ये विक्रीस निघालेली वस्तू ही भरभराटीची पेढी नव्हती. जागा, नाव आणि पूर्वीच्या मालकांच्या अपयशाचा इतिहास असा तो एकत्रित सौदा होता. पुढे महत्त्वाची ठरलेली विक्रीकरारातील अट याच संदर्भात समजून घ्यावी लागते. मूळ पत्ता सोडून अन्यत्र 'क्रिस स्टेकहाउस' हे नाव वापरण्याचा अधिकार नव्या मालकाला देण्यात आला नव्हता. विकलेला व्यवसाय वारंवार आपल्याकडेच परत येतो असा अनुभव असलेल्या विक्रेत्याने नाव जागेपासून सुटू न देण्याची दक्षता घ्यावी, हे स्वाभाविक मानता येईल.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

रूथ अॅन उडस्टॅड यांचा जन्म न्यू ऑर्लिन्स येथे झाला. त्यांचे बालपण मात्र मिसिसिपी नदीच्या मुखाकडील प्लॅकमिन्स परगण्यातील हॅपी जॅक या छोट्या वस्तीत गेले. अभ्यासात त्या विलक्षण पुढे होत्या. पंधराव्या वर्षी शालेय शिक्षण संपवून त्यांनी लुइझियाना राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला आणि एकोणिसाव्या वर्षी रसायनशास्त्र या मुख्य व भौतिकशास्त्र या दुय्यम विषयासह पदवी मिळविली. त्यानंतर काही काळ त्यांनी लेक चार्ल्स येथील मॅकनीज महाविद्यालयात अध्यापन केले. १९४८ मध्ये रॉडनी फर्टेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला दोन मुलगे झाले. पतीपत्नींना घोड्यांचा शौक होता. शर्यतीचे घोडे तयार करण्याचा परवाना मिळविणारी लुइझियानातील पहिली स्त्री म्हणून रूथ यांची नोंद झाली. १९५८ मध्ये हा विवाह संपुष्टात आला.

घटस्फोटानंतर त्यांनी काही काळ घरी पडदे शिवून अर्थार्जन केले. १९६१ पासून त्या टुलेन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करू लागल्या. रसायनशास्त्राची पदवी, अध्यापनाचा अनुभव आणि घोड्यांच्या व्यवसायातील कौशल्य एवढी शिदोरी असलेल्या व्यक्तीला पडदे शिवावे लागणे आणि पुढे प्रयोगशाळेतील दुय्यम पदावर समाधान मानावे लागणे, ही केवळ वैयक्तिक अडचण नव्हती. शिक्षित स्त्रीला त्या काळी उपलब्ध असलेल्या संधींची मर्यादा त्यातून दिसते. मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च या पगारात भागणार नाही, हे १९६५ मध्ये त्यांच्या लक्षात आले. अशा वेळी वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींत त्यांना क्रिस स्टेकहाउस विक्रीस असल्याचे आढळले.

१९६५ : गहाण ठेवलेले घर

भोजनगृहाची किंमत १८,००० डॉलर होती. रूथ यांच्यापाशी भोजनगृह चालविण्याचा कोणताही अनुभव नव्हता. बँकेतील अधिकारी, वकील आणि स्नेही यांनी हा व्यवहार करू नये असाच सल्ला दिला. तो बाजूला सारून त्यांनी राहते घर गहाण ठेवले. प्रारंभी त्या फक्त किमतीएवढीच रक्कम उचलणार होत्या; डागडुजी व सुरुवातीचा माल यांसाठी आणखी ४,००० डॉलर लागतील, हे त्यांच्या निदर्शनास आणून देण्यात आले. अशा रीतीने २२,००० डॉलरच्या कर्जावर हा व्यवसाय उभा राहिला.

या गहाणखताचा अर्थ तत्कालीन कायद्याच्या चौकटीत पाहणे आवश्यक आहे. कर्ज देताना लिंग व वैवाहिक स्थिती यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा 'समान पतसंधी कायदा' अमेरिकेत १९७४ मध्ये संमत झाला. तोपर्यंत स्त्रीला स्वत:च्या नावावर कर्ज नाकारणे किंवा पुरुषाची सही मागणे सर्रास चालत असे. लुइझियानाची स्थिती तर अधिकच वेगळी होती. तेथे विवाहोत्तर संपत्ती पतीपत्नींची सामाईक मानली जात असली, तरी कुटुंबाचा 'प्रमुख आणि स्वामी' म्हणून तिच्या व्यवस्थेचा अधिकार पतीकडे असे. पत्नीच्या संमतीवाचून, किंबहुना तिला न कळविताही, पती राहते घर गहाण टाकू शकत असे. अशाच एका गहाणखतावरून उद्भवलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. तत्पूर्वीच राज्याने आपला कायदा बदलला होता.

या पार्श्वभूमीवर एक विसंगती ठळकपणे पुढे येते. विवाहित असत्या तर ज्या निर्णयाची सूत्रे प्राय: पतीच्या हाती राहिली असती, तो निर्णय घटस्फोटित रूथ यांना स्वत: घेता आला. समाजाच्या दृष्टीने जी स्थिती असुरक्षित, तिनेच कायद्याच्या दृष्टीने त्यांना व्यवहारक्षम केले. मात्र या क्षमतेची किंमतही त्यांनाच मोजावी लागणार होती. कारण व्यवसाय बुडाल्यास जाणारे छप्पर त्यांचे व त्यांच्या मुलांचेच होते.

२४ मे १९६५ या पहिल्या दिवशी प्रत्येकी ५ डॉलर दराने ३५ स्टेक विकले गेले, म्हणजे केवळ १७५ डॉलरची विक्री झाली. तथापि पहिल्या सहा महिन्यांतच त्यांची कमाई टुलेनमधील वार्षिक पगाराच्या दुपटीहून अधिक झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात 'बेट्सी' या चक्रीवादळाने लुइझियानाला तडाखा दिला. वीज गेल्यामुळे साठविलेले मांस खराब होणार हे उघड होते. रूथ यांनी ते सर्व भाजून आपल्या भावाच्या मदतीने प्लॅकमिन्स परगण्यातील आपद्ग्रस्तांपर्यंत पोहोचविले. नव्याने कर्ज घेतलेल्या मालकिणीसाठी हा माल म्हणजे तिचे खेळते भांडवल होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कृतीचे मोल कळते.

श्रमाचे स्वरूप

आरंभीच्या काळात रूथ यांनी भोजनगृहातील सर्व कामे स्वत: शिकून घेतली. सव्वापाच फुटांहून कमी उंची आणि साधारण ५० किलो वजन असलेल्या या स्त्रीने सुमारे तीस पौंडांचे मांसाचे मोठे तुकडे हातकरवतीने कापण्याचे काम केले. विजेची करवत परवडू लागेपर्यंत हाच क्रम चालू होता. पदार्थाच्या दर्जाविषयी त्यांचा आग्रह काटेकोर होता. सरकारी प्रतवारीतील सर्वोच्च प्रतीचे मांस, अतिशय प्रखर आचेची भट्टी आणि तापलेल्या ताटात चुरचुरत्या लोण्यासह वाढलेला स्टेक ही या भोजनगृहाची खूण ठरली. कंपनीच्या प्रसिद्धीसाहित्यात भट्टीचे तापमान १८०० अंश व ताटाचे ५०० अंश फॅरनहाइट असे दिले जाते. म्हणजे अनुक्रमे सुमारे ९८० व २६० अंश सेल्सिअस. पदार्थाचे वर्णन तापमानाच्या आकड्यांत करण्याची ही पद्धत प्रयोगशाळेत काम केलेल्या मालकिणीला साजेशीच होती. पुढे साखळी विस्तारताना तिचा व्यावहारिक उपयोगही झाला. ज्याचे प्रमाण आकड्यांत सांगता येते ते दुसऱ्या गावी दुसऱ्याकडून करवून घेता येते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे वाढण्याच्या कामासाठी केलेली स्त्रियांची निवड. न्यू ऑर्लिन्समधील 'अँटवान्स' (स्थापना १८४०), 'गॅलटवार्स' (स्थापना १९०५) अशा नामांकित भोजनगृहांत वाढपी पुरुष असण्याची जुनी परंपरा होती. उंची भोजनगृहातील वाढप्याला मिळणारी बक्षिशी बरीच असल्याने ही परंपरा म्हणजे चांगल्या उत्पन्नाच्या कामावरील पुरुषांचा हक्कच होता. रूथ यांनी एकट्याने मुले वाढविणाऱ्या स्त्रियांना प्राधान्याने कामावर घेतले. गरज असलेली स्त्री नेटाने व विश्वासाने काम करते, ही त्यांची धारणा स्वानुभवातून आली होती. अनेक वर्षे केवळ स्त्रियाच वाढण्याचे काम करीत असलेले शहरातील हे एकमेव उंची भोजनगृह होते, असे सांगितले जाते.

या धोरणाकडे केवळ परोपकार म्हणून पाहणे एकांगी ठरेल. अमेरिकेत संघराज्याचा किमान वेतन कायदा १९६६ च्या दुरुस्तीने भोजनगृहांना लागू होऊ लागला, आणि त्याच दुरुस्तीने बक्षिशीची रक्कम किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंत वेतनातच धरण्याची मुभा मालकांना दिली. म्हणजेच वाढणाऱ्या व्यक्तीच्या उत्पन्नाचा मोठा भार ग्राहकावर होता. अशा व्यवस्थेत महागड्या भोजनगृहाचे दार स्त्रियांना उघडणे म्हणजे त्यांना अधिक बक्षिशीच्या टेबलांपर्यंत पोहोचविणे होते; मालकिणीलाही त्यातून टिकाऊ व अनुभवी मनुष्यबळ मिळाले. येथे दोन्ही पक्षांचे हित जुळले. परंतु प्रचलित कथनात या स्त्रिया बहुधा समूहरूपानेच येतात. मालकिणीचे नाव पाटीवर गेले, तिच्या सहकारी स्त्रियांचे श्रम मात्र एका वाक्यात सामावले गेले. स्त्रीउद्योजकतेचा इतिहास लिहिताना ही विषमता नजरेआड करता येत नाही.

१९७६ : आग आणि नवे नाव

अकरा वर्षांच्या परिश्रमांनंतर १९७६ मध्ये मूळ भोजनगृह आगीत नष्ट झाले. खाजगी समारंभांसाठी म्हणून रूथ यांनी त्याच रस्त्यावर काही अंतरावर एक इमारत आधीच घेतलेली होती. अवघ्या सात दिवसांत त्यांनी तेथे भोजनगृह पुन्हा सुरू केले. या जागेत सुमारे १६० जण बसू शकत होते. मात्र पत्ता बदलताच १९६५ च्या करारातील अट आडवी आली. नव्या जागेवर 'क्रिस स्टेकहाउस' हे नाव लावता येत नव्हते, आणि जुन्या ग्राहकाला तर हेच ते भोजनगृह अशी ओळख पटणे आवश्यक होते. यातून जुन्या नावाआधी स्वत:चे नाव जोडण्याची युक्ती निघाली. 'रूथ यांचे क्रिस स्टेकहाउस' अशा अर्थाचे हे नाव इंग्रजीतही उच्चारास अवघड आणि काहीसे विचित्र आहे. खुद्द रूथ यांनाही ते फारसे आवडत नसे.

वरवर पाहता ही एक गंमतीदार घटना वाटते. परंतु व्यवसायाच्या कायदेशीर स्वरूपात तिने मूलगामी बदल घडविला. १९६५ ते १९७६ या काळात रूथ यांच्याकडे भोजनगृह होते, पण स्थलांतर करू शकेल असे नाव नव्हते. आगीने जागा हिरावून घेतली आणि त्याच क्षणी एका पत्त्याशी जखडलेला व्यवसाय मोकळा झाला. नवे नाव कोणत्याही गावी, कोणत्याही रस्त्यावर लावता येणार होते. त्याच सुमारास बॅटन रूज येथील टी. जे. मोरन या नियमित ग्राहकाला त्यांनी आपल्या नावाने भोजनगृह चालविण्याचा पहिला परवाना दिला. फ्रँचायझी पद्धतीत मूळ मालक नाव व कार्यपद्धती देतो, परवानाधारक स्वत:चे भांडवल गुंतवितो आणि उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा मूळ मालकाला देतो. स्वतंत्र नाव हाती नसते, तर हा व्यवहार करणेच शक्य नव्हते. म्हणून साखळीचा खरा आरंभबिंदू १९६५ नसून १९७६ मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

विस्तार, हस्तांतर आणि शहराशी नाते

पुढील दोन दशकांत ही साखळी अमेरिकेतील प्रमुख शहरांत आणि मेक्सिको, तैवान, हाँगकाँग येथेही पोहोचली. ब्रॉड स्ट्रीटवरील भोजनगृह मात्र राजकारणी, पत्रकार, खेळाडू आणि व्यापारी यांचे भेटण्याचे ठिकाण म्हणून आपले स्थानिक स्वरूप टिकवून होते. १९९९ मध्ये रूथ यांनी कंपनीतील बहुसंख्य हिस्सा शिकागो येथील 'मॅडिसन डिअरबॉर्न पार्टनर्स' या गुंतवणूक संस्थेला विकला. १६ एप्रिल २००२ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी साखळीत सुमारे ऐंशी भोजनगृहे होती.

ऑगस्ट २००५ मध्ये कंपनीचे समभाग शेअरबाजारात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस 'कतरिना' चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स जलमय केले. ब्रॉड स्ट्रीटवरील भोजनगृहाची हानी झाली आणि कंपनीने आपले मुख्यालय फ्लोरिडातील ऑर्लँडो परिसरात हलविले. कंपनीने २००८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या मध्यवर्ती पर्यटनभागात नवे भोजनगृह उघडले. ब्रॉड स्ट्रीटवरील जागा मात्र पुन्हा सुरू झाली नाही. संस्थापिका नसतानाही नाव वाढतच राहिले, आणि जून २०२३ मध्ये 'डार्डन' या बड्या भोजनगृह कंपनीने सुमारे ७१.५ कोटी डॉलरना हा सर्व व्यवसाय विकत घेतला.

१९६५ आणि २००५ या दोन वर्षांची तुलना येथे बोलकी ठरते. बेट्सी वादळात मालकीण त्याच शहरात राहत होती, तिचे घर त्याच व्यवसायापायी गहाण होते आणि तिचे आप्त आपद्ग्रस्त भागात होते. म्हणून भोजनगृहाने वादळाला दिलेला प्रतिसाद हा शेजाऱ्याचा प्रतिसाद होता. कतरिनाच्या वेळी मालकी भागधारकांमध्ये विभागलेली होती. भागधारकांच्या कंपनीला देशभरातील भोजनगृहांचा कारभार खंड न पडता चालविणे भाग होते आणि मुख्यालयाचे स्थलांतर हा त्या हिशेबाने सुसंगत निर्णय होता. शहरवासीयांना मात्र तो आपल्या माणसाने ऐन संकटात गाव सोडल्यासारखा वाटला तर नवल नाही. हा दोष एखाद्या व्यक्तीचा नसून मालकीच्या बदललेल्या स्वरूपाचा परिणाम आहे.

याच शहरातील लीया चेस यांचे उदाहरण या संदर्भात उपयुक्त ठरेल. आफ्रिकन अमेरिकन समाजाचे महत्त्वाचे केंद्र असलेले 'डूकी चेस' हे त्यांच्या सासरचे भोजनगृह ब्रॉड स्ट्रीटपासून फार दूर नाही. कतरिनाच्या पुरात त्याचीही मोठी हानी झाली. तथापि मालकी कुटुंबाकडेच राहिली होती आणि भोजनगृह दुरुस्त होऊन त्याच जागी पुन्हा उघडले. या दोन्ही स्त्रियांनी न्यू ऑर्लिन्सच्या भोजनसंस्कृतीत मोलाची भर घातली. एकीचे नाव जगभर गेले, तर दुसरीचे नाव जागेला धरून राहिले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला, रूथ फर्टेल यांचे १९६५ मधील पाऊल हे केवळ व्यक्तिगत धाडस नव्हते. स्त्रियांच्या पत व मालमत्ताविषयक अधिकारांच्या विषम चौकटीत घटस्फोटित स्त्रीला उपलब्ध असलेल्या अरुंद वाटेचा तो जाणीवपूर्वक केलेला उपयोग होता. दुसरा, व्यवसायाच्या यशात एकट्याने संसार ओढणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाचा वाटा मोठा असून त्याची नोंद चरित्राच्या परिघावर न ठेवता केंद्रस्थानी आणली पाहिजे. तिसरा, १९७६ ची आग आणि त्यातून निघालेले नाव यांमुळे हा व्यवसाय जागेपासून मुक्त झाला. विस्तार, फ्रँचायझी आणि अखेरची विक्री या सर्वांचे मूळ त्या मुक्ततेत आहे.

याच मुक्ततेमुळे मूळ जागा पुढे अनावश्यकही ठरली. दोन मुलांच्या शिक्षणासाठी गहाण टाकलेल्या घरातून सुरू झालेला व्यवहार हे उद्दिष्ट साध्य करून कितीतरी पुढे गेला. ज्या रस्त्यावर आणि ज्या स्त्रियांच्या हातांनी तो उभा राहिला, त्यांचा स्वतंत्र इतिहास लिहिला जाणे आवश्यक आहे. चरित्रनायिकेच्या एका मुलाने, रँडी फर्टेल यांनी, २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कौटुंबिक आठवणींनी कंपनीच्या कथनाबाहेर पाहण्याचा एक मार्ग दाखविला आहे. करारपत्रे, गहाणखते, वेतनपत्रके आणि वाढपी स्त्रियांच्या मुलाखती अशी साधने हाताशी घेतल्यास भोजनगृहांचा इतिहास मालकांच्या यशोगाथेपुरता मर्यादित राहणार नाही.